आभाळ आज मोकळे राहील काय?



आपल्या मराठी भाषेत एक मजेदार गोष्ट आहे. वर्तमानपत्रात आपण वाचतो, की कोकणात येत्या दोन दिवसांत मुसळधार पाऊस पडेल असा वेधशाळेचा अंदाज आहे. आणि जेथे मोठ्या दुर्बिणीतून ग्रहताऱ्यांचे निरीक्षण करतात, त्या जागेलाही आपण वेधशाळाच म्हणतो. एक पावसाचा हिशेब ठेवते, दुसरी ताऱ्यांचा. मग दोघींना नाव एकच का? एखाद्या चौकस विद्यार्थ्याने हा प्रश्न वर्गात विचारला, तर त्याला "भाषेत शब्द कमी पडला असेल" असे उत्तर देऊन गप्प बसवू नका. या एका शब्दात अडीचशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तोच आज आपल्याला सांगावयाचा आहे.

प्रथम एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. शाळेने डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतील उल्कावर्षाव पाहण्यासाठी मुलांना गावाबाहेरच्या माळावर न्यायचे ठरवले आहे. पालकांच्या संमतीच्या चिठ्ठ्या गोळा झाल्या. एस. टी. ठरली. आईने शाल आणि कानटोपी बांधून दिली. आणि रात्री नऊ वाजता आभाळ भरून आले! मुले हिरमुसून परत आली. पालक म्हणाले, "उगाच रात्रीचा खर्च आणि जागरण." पुढच्या वर्षी शिक्षकांनी पुन्हा नाव काढण्याचे धाडस केले नाही. वाचकहो, यात दोष कोणाचाच नव्हता. पण त्या मुलांचे तारे मात्र गेले. मग मनात येते, की हे आभाळ आधी कळले असते काय? आज बऱ्याच अंशी कळू शकते. ते कळू लागण्यासाठी माणसाला काय काय सोसावे लागले, ते आता पाहू.

ताऱ्यांवरून पाऊस

फार पूर्वी गोष्ट उलटी होती. आपण आज पाऊस पाहून तारे बघायचे की नाही ते ठरवतो; आपले पूर्वज तारे पाहून पाऊस ठरवत असत. आपल्याकडचा शेतकरी आजही मृग निघाला, आर्द्रा लागल्या, हस्ताचा पाऊस पडला अशा भाषेत बोलतो. ही सारी आकाशातील नक्षत्रे. अरबस्तानच्या वाळवंटातही हीच रीत होती. पहाटे अमुक तारकासमूह पश्चिमेला मावळू लागला, की अमुक वारा आणि अमुक पाऊस, अशी त्यांची मोजणी असे. या विद्येला 'अन्वा' म्हणत. नवव्या शतकातील विद्वान इब्न कुतैबा यांनी 'किताब अल-अन्वा' हा ग्रंथ याच विषयावर लिहिला आणि तो १९५६ साली आपल्या शेजारच्या हैदराबादेत दाइरतुल मआरिफ या संस्थेने छापून प्रसिद्ध केला.

यात तथ्य किती होते? ऋतू सांगण्यापुरते पुष्कळ होते. सूर्य अमुक नक्षत्रात आला म्हणजे वर्षाचा अमुक काळ आला, हे खरेच. परंतु ऋतू कळणे वेगळे आणि उद्याची रात्र कळणे वेगळे. 'जूनमध्ये पाऊस येतो' हे नक्षत्र सांगू शकते. 'चार जूनच्या पहाटे ढग असतील' हे ते सांगू शकत नाही. हा फरक एका माणसाला फार महागात पडला.

ल जांतीची अकरा वर्षे

त्याचे नाव ग्वियोम ल जांती. फ्रान्समधील खगोलशास्त्रज्ञ. शुक्राचा ग्रह कधीकधी सूर्यबिंबावरून काळ्या ठिपक्यासारखा सरकताना दिसतो. त्याला शुक्राचे अधिक्रमण म्हणतात. निरनिराळ्या देशांतून या घटनेच्या वेळा मोजल्या, तर पृथ्वीपासून सूर्याचे अंतर काढता येईल, असे एडमंड हॅली यांनी दाखवून दिले होते. अधिक्रमणे आठ वर्षांच्या अंतराने जोडीने येतात आणि मग शंभराहून अधिक वर्षे येत नाहीत. १७६१ आणि १७६९ अशी ती जोडी होती. त्यानंतरचे थेट १८७४ साली. म्हणजे त्या पिढीतील माणसाला दोनच संधी.

ल जांती मार्च १७६० मध्ये पाँडिचेरीला यावयास निघाला. वाटेत मॉरिशस. तेव्हा इंग्रज आणि फ्रेंच यांचे युद्ध पेटलेले होते. तो मलबारच्या किनाऱ्याजवळ पोहोचला तेव्हा बातमी आली, की पाँडिचेरी इंग्रजांनी घेतली. जहाज माघारी वळले. ६ जून १७६१ रोजी आकाश निरभ्र होते, सूर्यावर शुक्रही दिसला. पण तो समुद्राच्या मधोमध, हलत्या जहाजावर. लंबकाचे घड्याळ तेथे काय कामाचे? मोजमाप झाले नाही.

दुसरा कोणी घरी परतला असता. ल जांतीने मात्र ठरवले, की आठ वर्षे थांबायचे. मधल्या काळात त्याने मादागास्करच्या किनाऱ्याचे नकाशे केले, मग तो फिलिपाइन्समधील मनिला येथे गेला आणि शेवटी १७६८ साली पाँडिचेरीला आला. तह होऊन शहर आता फ्रेंचांकडे परत आले होते. पडक्या किल्ल्याच्या अवशेषांवर त्याने आपली वेधशाळा बांधली. कालपर्यंत शत्रू असलेल्या मद्रासच्या इंग्रजांनी त्याला एक उत्तम दुर्बीणही पाठवली. विद्येला सरहद्द नसते, ती अशी.

आता लक्षपूर्वक वाचा. १७६९ च्या मे महिन्यात पाँडिचेरीच्या सकाळी स्वच्छ होत्या. ३ जूनच्या संध्याकाळी तो तेथील गव्हर्नरसाहेबांबरोबर गुरूचे उपग्रह पाहत होता, इतके आकाश मोकळे होते. ४ जूनला सूर्योदयाच्या वेळी अधिक्रमण चालू असणार होते. रात्री दोन वाजता तो जागा झाला. आकाश भरून आले होते. पहाटे वारा सुटला, ढग आणखी दाटले. सूर्य उगवला तो ढगांआड. आणि ढगांआडच शुक्र सूर्यबिंब ओलांडून गेला. सारे संपल्यावर थोड्याच वेळात ऊन पडले आणि दिवसभर सूर्य लखलखत राहिला! पुढे दोन आठवड्यांहून अधिक काळ त्याच्या हाती लेखणी धरवेना. दुःखावर मीठ म्हणजे, ज्या मनिलाहून तो निघून आला होता तेथे त्या दिवशी आकाश स्वच्छ होते.

ऑक्टोबर १७७१ मध्ये तो स्वदेशी पोहोचला तेव्हा घर सोडून अकरा वर्षे सहा महिने झाले होते. तो मेला असे समजून नातेवाइकांनी मालमत्तेच्या वाटणीची तयारी चालवली होती आणि अकादमीतील त्याची जागाही गेली होती. पुढे त्याने ती जागा परत मिळवली, लग्न केले आणि प्रवासाचा मोठा ग्रंथ लिहिला, हे मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. खचून संपणाऱ्यांपैकी तो नव्हता.

वाचकहो, ल जांतीजवळ काय कमी होते? विद्या होती, दुर्बीण होती, चिकाटी तर डोंगराएवढी होती. हवेचा दाब मोजणारा वायुभारमापकही इटलीच्या टॉरिचेल्लीने १६४३ सालीच शोधून काढला होता. परंतु ते यंत्र ज्या खोलीत आहे, त्या खोलीपुरतेच सांगते. शंभर कोसांवर ढग जमत आहेत आणि ते आपल्याकडे निघाले आहेत, हे पाँडिचेरीत एकट्या बसलेल्या माणसाला कोण सांगणार? महिनाभर सकाळ स्वच्छ होती म्हणून उद्याचीही असेल, एवढाच अंदाज त्याच्या हाती होता. त्याला उणीव होती ती दूरवरच्या दुसऱ्या निरीक्षकाची, आणि त्याचा निरोप ढगांच्या आधी आणणाऱ्या साधनाची.

एका खगोलशास्त्रज्ञाने काढलेला वादळाचा माग

ही उणीव भरून निघण्यास पंच्याऐंशी वर्षे लागली, आणि ती भरून काढण्यात पुढाकार घेतला तोही खगोलशास्त्रज्ञानेच. १४ नोव्हेंबर १८५४ रोजी क्रिमियाच्या युद्धात काळ्या समुद्रावर भयंकर वादळ झाले. बालाक्लाव्हाच्या परिसरात इंग्रज आणि फ्रेंच यांची अनेक जहाजे फुटली. फ्रान्सच्या युद्धमंत्र्यांनी पॅरिस वेधशाळेचे संचालक युर्बें ल व्हेरिए यांना विचारले, की हे वादळ आले कोठून? हे तेच ल व्हेरिए, ज्यांनी दुर्बिणीला डोळा न लावता, केवळ कागदावरच्या गणिताने नेपच्यून ग्रहाची जागा सांगितली आणि १८४६ साली तो तेथेच सापडला.

ल व्हेरिए यांनी देशोदेशींच्या निरीक्षकांना पत्रे लिहिली. १२ ते १६ नोव्हेंबर या पाच दिवसांत आपल्याकडे हवेचा दाब किती होता, वारा कोणता होता, आभाळ कसे होते, ते कळवा. उत्तरे नकाशावर मांडल्यावर स्पष्ट दिसले, की ते वादळ काळ्या समुद्रात अचानक उठले नव्हते. ते युरोपच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे मजल दरमजल करीत आले होते. वादळाहून वेगाने धावणारी एक गोष्ट तोवर युरोपात आली होती, ती म्हणजे तारायंत्र. पश्चिमेच्या शहरांनी तारेने खबर दिली असती, तर पूर्वेकडची जहाजे सावध झाली असती! फेब्रुवारी १८५५ मध्ये त्यांनी ही योजना सरकारपुढे ठेवली आणि ती मंजूर झाली. १८६३ पासून पॅरिसच्या वेधशाळेतून हवामानाचे रोजचे नकाशे निघू लागले. तिकडे इंग्लंडमध्ये ॲडमिरल फिट्झरॉय यांनी १ ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जनतेसाठी हवामानाचा अंदाज देण्यास सुरुवात केली होती.

आता कळले ना, वेधशाळा हा शब्द दोघींना का? हवामानखाते हे ताऱ्यांच्या घरातच वाढलेले मूल आहे. आपल्या मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ साली उभी राहिली ती मुळात ताऱ्यांचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ सांगण्यासाठी. आज ती आपल्याला पावसाचे मिलिमीटर सांगते. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि त्यामागोमाग आलेली अवर्षणे यांतून धडा घेऊन १८७५ साली भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. त्याची कचेरी पुढे सिमल्याला गेली आणि १९२८ साली पुण्यास आली. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' असे नाव आपण ऐकतो ना, ते त्याचेच!

आपल्या मातीवरचे ग्रहण

या नव्या ज्ञानाचा उपयोग ताऱ्यांच्या निरीक्षकांना कसा झाला, याची साक्ष महाराष्ट्राची भूमी देते. दोन सूर्यग्रहणे शेजारी ठेवून पाहा.

पहिले १८ ऑगस्ट १८६८ चे. ऐन पावसाळा. जमखिंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. धावत्या ढगांच्या फटींतून जेवढे दिसले तेवढे त्यांनी टिपले. पूर्वेला गुंटूरमध्ये फ्रान्सच्या जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. हेलियम वायूच्या शोधाची कहाणी या ग्रहणापासून सुरू होते. आपल्या कोकणात अशी समजूत आहे, की इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' आजही दाखवतात. समजूत मनाला सुखावणारी आहे. पण विद्यार्थ्यांनी खरे तेच धरावे. १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि त्यांनी तेथूनच, ग्रहणाची वाट न पाहता, ऑक्टोबरमध्ये सूर्यज्वालांचा वर्णपट पाहिला. विजयदुर्गला ते आले हे मात्र अगदी खरे. ते तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणाला.

ते दुसरे ग्रहण २२ जानेवारी १८९८ चे. त्याची छाया कोकणातून चढून सोलापूर जिल्हा आणि वऱ्हाड ओलांडून गेली. विजयदुर्गला लॉकियर, जेऊर स्टेशनाजवळ अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला, आणि वऱ्हाडात तळणी येथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी. ही संस्था मुख्यतः हौशी निरीक्षकांची, १८९० साली स्थापन झालेली. याच संस्थेचे सभासद दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट १८९६ मध्ये, एवढा समुद्रप्रवास करून नॉर्वेच्या उत्तर टोकाला व्हाडसो येथे ग्रहण पाहण्यास गेले होते आणि ढगांमुळे रिकाम्या हातांनी परतले होते. तळणीला मात्र आकाश काचेसारखे होते. ॲनी माँडर या विदुषीने तेथे आपल्या लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा असा एक किरण टिपला, जो सूर्याच्या व्यासाच्या कित्येक पट लांब पसरला होता. खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची!

एक ग्रहण ढगांच्या फटीतून, दुसरे निरभ्र. फरक दैवाचा नव्हे, महिन्याचा. ग्रहणाचा महिना आपल्या हाती नसतो, पण जागा आपल्या हाती असते. हाच धडा आपल्या पिढीनेही पाहिला. २४ ऑक्टोबर १९९५ चे ग्रहण पावसाळा सरल्यावर आले आणि राजस्थानातून लोकांनी ते डोळे भरून पाहिले. ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९ ची ग्रहणे पावसाळ्यात आली. २००९ साली बिहारमध्ये तारेगना या गावी, आर्यभटाच्या नावाशी जोडलेल्या जागी, हजारो लोक जमले आणि ढग पाहून परतले. म्हणून लक्षात ठेवा, अंदाजाचे पहिले साधन म्हणजे मागच्या अनेक वर्षांच्या नोंदी. २ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास ग्रहणाची छाया स्पेन, उत्तर आफ्रिका, इजिप्तमधील लक्झर, मग जेद्दा आणि मक्का या मार्गाने जाते. ऑगस्टमधील लक्झरच्या आकाशात ढग शोधूनही सापडत नाही. आपल्याकडे मात्र ते थोडेसे खंडग्रास, आणि तेही भर पावसाळ्यात.

गणिताने काढलेले उद्याचे आकाश

नोंदींनी महिना कळला, तारेने येणारे वादळ कळले. पण उद्याचे आकाश आज काढून दाखवावे, ही माणसाची हाव संपली नव्हती. नॉर्वेचे व्हिल्हेल्म ब्येर्क्नेस यांनी १९०४ साली सांगितले, की हवा ही पदार्थविज्ञानाच्या नियमांनी बांधलेली आहे. आजची स्थिती नीट माहीत असेल, तर उद्याची गणिताने काढता आली पाहिजे. इंग्लंडच्या लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हे हाताने करून पाहिले. अवघ्या सहा तासांच्या अंदाजासाठी त्यांना कित्येक आठवडे आकडेमोड करावी लागली आणि उत्तर साफ चुकले. पण धन्य तो माणूस! १९२२ साली त्यांनी आपले पुस्तक चुकलेल्या उत्तरासकट छापले आणि लिहिले, की हवेच्या वेगाबरोबर धावायचे तर चौसष्ट हजार माणसे एकाच वेळी आकडेमोड करीत बसली पाहिजेत. विद्यार्थ्यांनो, गणिताच्या वहीतील चुकलेले उदाहरण खोडून टाकण्यापूर्वी रिचर्डसनची आठवण ठेवा. पुढच्यांनी त्याच चुकीवरून वाट शोधली. १९५० साली अमेरिकेतील एनिॲक या संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढला गेला. त्याला वेळही सुमारे चोवीस तासच लागला! पुढे १ एप्रिल १९६० रोजी टायरॉस-१ हा उपग्रह उडाला आणि माणसाने प्रथमच ढगांचा विस्तार वरून, नियमितपणे पाहिला. ल जांतीला जे शंभर कोसांवरचे ढग दिसत नव्हते, ते आता पोराटोरांनाही दिसू लागले. आपल्या देशाचे इन्सॅट मालिकेतील उपग्रह १९८० च्या दशकापासून हे काम करीत आले आहेत. इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडण्यात आला.

दोन शौकिनांची देणगी

परंतु हवामानखात्याचा अंदाज हा शेतकऱ्यासाठी, कोळ्यासाठी, वैमानिकासाठी असतो. 'पाऊस पडणार नाही' एवढ्याने तारे पाहणाऱ्याचे भागत नाही. पातळ पांढरा ढग शेतकऱ्याच्या खिजगणतीत नसतो. दुर्बिणीपुढे तोच पडदा ठरतो. तारे पाहणाऱ्याला तीन निराळ्या गोष्टी हव्या असतात. पहिली, ढग किती. दुसरी, पारदर्शकता: हवेत बाष्प आणि धूळ किती. तिसरी, स्थिरता: वरच्या थरांतील हवा शांत आहे की खळबळलेली. तारे फार लुकलुकत असतील तर रात्र कवीला आवडेल. शनीची कडी पाहणाऱ्याने मात्र समजावे, की आज चित्र थरथरणार.

ही अडचण दूर केली ती कॅनडातील दोन हौशी आकाशनिरीक्षकांनी. ॲलन राहिल हे तेथील हवामान केंद्रात शास्त्रज्ञ, आणि स्वतः दुर्बिणीचे शौकीन. त्यांनी संगणकाच्या अंदाजांतून खास आकाशनिरीक्षकांसाठी ढग, पारदर्शकता आणि स्थिरता यांचे नकाशे काढण्यास सुरुवात केली. ॲटिला डॅन्को हे संगणकाचे जाणकार, तेही दुर्बिणीचे शौकीन. नकाशे चाळत बसण्यापेक्षा आपल्या गावापुरते उत्तर एका नजरेत का मिळू नये, असे त्यांना वाटले. त्यांनी 'क्लिअर स्काय चार्ट' तयार केला. पुढच्या प्रत्येक तासाला एक लहान चौकोन: गडद निळा म्हणजे मोकळे आकाश, पांढरा म्हणजे ढग. अक्षरओळख नसलेल्यालाही समजावे इतके सोपे! उत्तर अमेरिकेतील हजारो निरीक्षणस्थळांसाठी तो तक्ता निघू लागला. नोकरी-व्यवसाय सांभाळून, शौकाखातर केलेले हे काम आहे. पालकहो, 'छंदाने पोट भरते काय' असे मुलांना विचारताना या दोघांना क्षणभर आठवा.

हा तक्ता भारतासाठी निघत नाही. परंतु २००५ साली चीनमध्ये सुरू झालेला 'सेव्हन टायमर' हा अशाच प्रकारचा अंदाज जगातील कोणत्याही ठिकाणासाठी मिळतो, आणि तोही विनामूल्य.

आपण काय करावे

शाळेने किंवा घरच्यांनी आकाशनिरीक्षणाची रात्र ठरवायची असेल, तर क्रम साधा आहे. प्रथम पंचांग पाहा. फिकट तारे पाहायचे तर अमावास्येच्या आसपासची रात्र हवी. चंद्र पाहायचा तर शुद्ध सप्तमी-अष्टमी. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हे महिने सोडून द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. तारीख ठरवताना तिला जोडून दुसरी राखीव तारीख ठेवा आणि ती पालकांच्या चिठ्ठीत पहिल्याच दिवशी लिहा. म्हणजे रात्र पुढे ढकलली तर ती रद्द झाली असे कोणाला वाटणार नाही.

आठ-दहा दिवस आधीच्या अंदाजावर फार विसंबू नका. तीन दिवस आधी कल पाहा, आदल्या दिवशी तासातासाचा अंदाज पाहा. निघण्यापूर्वी संध्याकाळी हवामान विभागाकडून मिळणारी इन्सॅटची चित्रे पाहा. एकच चित्र पाहू नका. लागोपाठची चार-पाच पाहा, म्हणजे ढग कोणीकडे सरकत आहेत ते कळेल. रात्रीची चित्रे उष्णतेवरून काढलेली असतात, त्यांत जमिनीलगतचे धुके सहसा उमटत नाही, हेही ध्यानात असू द्या. तापमान आणि दवबिंदू यांत दोन-तीन अंशांचेच अंतर असेल तर दुर्बिणीच्या भिंगावर दव धरणार. सुके फडके आणि जाड पुठ्ठ्याची नळी बरोबर घ्या. आणि शेवटी दाराबाहेर येऊन वर पाहा! सूर्य मावळताना पश्चिमेचा रंग कसा आहे, तारे किती लुकलुकतात, हे सांगणारे यंत्र प्रत्येकाला जन्मतःच मिळालेले आहे.

एक काम मात्र विद्यार्थ्यांनी आजपासूनच सुरू करावे. एक साधी वही घ्यावी. रोज रात्री ठराविक वेळी चार गोष्टी लिहाव्यात: अंदाज काय होता, ढग प्रत्यक्षात किती होते, सर्वांत फिकट तारा कोणता दिसला, दव पडले की नाही. वर्षभराने ती वही उघडा. आपल्या गावापुरता अंदाज कोठे चुकतो, खाडीवरून वारा आला की काय होते, डोंगराआड ढग किती वाजता विरतात, हे जगातील कोणताही संगणक सांगणार नाही, इतके नेमके तुमची वही सांगेल. खर्च? एका वहीचा.

शेवटी

वाचकहो, दूरवरच्या निरीक्षकाची किंमत आपल्या समाजाला नव्याने शिकवावी लागत नाही. रमजानच्या २९ तारखेची संध्याकाळ आठवा. लहानथोर सारे गच्चीवर आणि मैदानात उभे, नजर पश्चिमेकडे. आपल्या गावावर ढग असले तर आपण काय करतो? चंद्र नाहीच असे म्हणून दार लावून घेत नाही. दुसऱ्या गावाहून खबर येते काय याची वाट पाहतो, साक्ष विचारतो, ती पारखून घेतो. जेथे आपले डोळे पोहोचत नाहीत तेथे दुसऱ्या विश्वासू माणसाचे डोळे आपल्या कामी येतात. ल व्हेरिए यांनी पत्रे लिहून हेच केले, तारायंत्राने हेच केले. आज उपग्रह आणि संगणक यांच्याकडून जगभरची साक्ष आपल्या हातात येते.

ल जांती अकरा वर्षे फिरला आणि एका सकाळच्या ढगांनी हरला, कारण तो एकटा होता. आज तिसरीतले मूलही एकटे नाही. तरीही अंदाज हा अंदाजच. ढग कधी कोणाची आज्ञा पाळत नाही. एखादी रात्र हुकेल. हुकली तर हुकली! राखीव तारीख वहीत लिहिलेली आहे. पालकहो, त्या दुसऱ्या रात्रीही मुलाला जाऊ द्या. शाल तीच, थर्मास तोच. आणि बहुधा त्या रात्री आभाळ मोकळे असेल.